अठरा अंश

सातार आके इमारत विकायला निघालाय, हे अनारकुलला त्याने सांगण्याआधीच कळलं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आदराने सगळे ज्याला आके म्हणत तो म्हातारा मालक यायचा, शिवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या जुन्या गादीवर मांडी घालून बसायचा, पाच-सहा बोरसोक, तळलेल्या पिठाचे तुकडे, जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवून खायचा आणि मग भाड्याचं आपण विसरलोच होतो असं दाखवायचा. त्या सप्टेंबरातल्या शुक्रवारी त्याने एकच बोरसोक उचलला, मोडला आणि दोन्ही तुकडे तसेच दस्तरखानावर ठेवून दिले. या नारिन गावात असं मोडून अन्न ठेवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर त्याच्या पोटात काहीतरी असतं. म्हातारा आजारी दिसत नव्हता.

शिवाय त्याच्याबरोबर एक पाहुणा होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, गुळगुळीत दाढी केलेला, अगदी कमी बोलणारा. बूट त्याने दारात नीट जोडून ठेवले होते.

"हा एरमेक," सातार आके म्हणाला. "चांगल्या घरचा आहे. सह्या अजून व्हायच्यात, पण बोलणं झालंय म्हण. मी बिश्केकला चाललो मुलाकडे. गुडघे गेले गं माझे, पोरी. या तीन मजल्यांचं ओझं आता मला पेलत नाही."

"ओझं विकून वर पैसे मिळतात, हे बरंय," बात्मा सुईत दोरा ओवत म्हणाली. "आमचं ओझं कोण घेईना." बात्मा म्हणजे अनारकुलची नणंद. हिची जीभ सुईपेक्षा टोकदार, आणि सुई तरी ती काम झालं की उशीत खोचून ठेवायची.

हा हॉल म्हणजे अनारकुलचं सगळं. लग्नात मुलीबरोबर द्यायचे तोशोक, म्हणजे लोकर भरलेल्या लांबलचक गाद्या, इथे शिवल्या जात. त्या अंथरून शिवायला जेवढी जमीन लागते, तेवढी सबंध गावात दुसरीकडे नव्हती. हॉल गेला तर ती, बात्मा आणि हाताखालच्या दोघी जणी चार दिशांना जाणार होत्या. पण पाहुण्यासमोर असलं काही बोलत नाहीत. तिने त्याच्या पेल्यात चहा ओतला.

एरमेक पेला हातात घेऊन उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने रेडिएटरवर तळवा ठेवला. त्या आठवड्यात थंडी लवकर उतरली होती, म्हणून आदल्या दिवशी तिने तळघरातली भट्टी पेटवून बघितली होती.

"ही ऊब कोण करतं?" त्याने विचारलं.

आणि इथे अनारकुलने हात दाखवून अवलक्षण केलं. "मी," ती म्हणाली. नुसतं म्हणाली नाही, त्याला तळघरात घेऊन गेली. भट्टी रशियन काळातली, घोड्याएवढी. तिचा नवरा कुबात हिच्यापाशी सव्वीस वर्षं होता. कोळसा कसा पसरायचा, मोठे खडे मागे आणि चुरा पुढे का, झडप किती बोटं उघडी ठेवली की तिसऱ्या मजल्यावरचा शेवटचा नळसुद्धा गरम होतो, सगळं तिने हौसेने सांगितलं. उणे पस्तीसला मी हिला एकदाही विझू दिलं नाही, हेही सांगितलं. कागदावरही नाव माझंच आहे, हे तर दोनदा सांगितलं. एरमेक मान हलवत ऐकत होता. विधवेला कुणीतरी तिच्या कामाबद्दल विचारलं होतं, तिला बरं वाटलं. त्यात तिचं काय चुकलं?

नाव तिचं होतं खरं. अडीच वर्षांपूर्वी कुबात छातीच्या दुखण्याने गेला, त्याच मार्चमध्ये सातार आकेने पाच वर्षांचा भाडेकरार लिहून दिला. भट्टीच्या तपासणीवाल्याला जबाबदार म्हणून एक कुणाचं तरी नाव हवं होतं. वरच्या मजल्यावरचा जुमाश चांभार म्हणाला होता, "लिही तुझंच. काम काय तू एकटी करणारेस? आशार आहे की." एकाच्या कामाला सगळ्यांनी बिनमजुरीने हात लावायचा, हा आशार इथे घर बांधण्यापासून मढं उचलण्यापर्यंत चालतो. तसाच तो भट्टीलाही चालला. जुमाशची पाळी मंगळवारी, फोटोवाल्याची बुधवारी, दातांच्या डॉक्टरची गुरुवारी. कोळसाही सगळ्यांच्या वर्गणीतून यायचा. करारात चौदावं कलम म्हणून ते नाव गेलं, आणि अनारकुलने 'पाच वर्षं' एवढे दोन शब्द वाचून सही केली. नवऱ्याच्या मित्राने लिहिलेला कागद त्याच्यासमोर बसून ओळ न ओळ वाचायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं.

दहा दिवसांनी सह्या झाल्याची बातमी आली. अनारकुल करार शालीआड धरून कालिपाकडे गेली. कालिपा ही गावातली वकील, तरुण पोरगी, सूर्यफुलाच्या बिया सोलत कागद वाचायची. तिने शिक्का पाहिला, नोंदणीचा आकडा पाहिला आणि हसली.

"आपा, तुम्ही निवांत झोपा. इमारत विकली म्हणून करार मरत नाही. जुन्या मालकाने जे जे कबूल केलंय ते नव्याच्या गळ्यात आपोआप पडतं. मुदत संपेपर्यंत तो तुम्हाला हलवू शकत नाही. अजून अडीच वर्षं."

"नक्की?"

"घोडा विकताना खोगीर काढून घेता येतं. नाल काढून घेतात का? तुमचा करार म्हणजे नाल."

अनारकुलने तिला घरचं लोणी दिलं आणि येताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ही नालेची गोष्ट सांगितली.

पण नाल एकटीच्याच पायाला होती. बाकीच्यांचं सगळं तोंडी, नाहीतर वर्षावर्षाचं. एरमेकने कुणाशी आवाज चढवला नाही. प्रत्येकाकडे चहा प्यायला, दोन महिन्यांचं भाडं परत केलं, सामान हलवायला ट्रक दिला. त्याला शिवी द्यायचीही सोय राहिली नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत फोटोवाला गेला, डॉक्टर गेला. शेवटी जुमाश आपली ऐरण कवटाळून जिना उतरला.

"माझ्या मंगळवारचं काय करशील?" त्याने विचारलं. डोळे त्याने ऐरणीवरच ठेवले होते.

"बघू."

"लागलं तर बोलव हं."

"बोलवीन," ती म्हणाली. दोघांनाही माहीत होतं, बाजाराच्या पलीकडून इथवर कुणी फावडं मारायला येत नसतं.

इमारत रिकामी झाल्यावर तिचा आवाज बदलला. वर कुणी चालत नसताना जिना करकरायचा. हाताखालच्या दोघींनी संध्याकाळचा दिवा लागायच्या आत घरी जायला सुरुवात केली. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी एरमेकचा माणूस आला, बरोबर एक खोकं. त्यात थर्मामीटर होते, पंचवीस. रिकाम्या खोल्यांतून फिरून त्याने प्रत्येक भिंतीवर एक टांगला आणि जाताना अनारकुलच्या हातात एक चिठ्ठी दिली. 'कलम चौदाप्रमाणे पंधरा ऑक्टोबर ते पंधरा एप्रिल इमारतीतील कोणत्याही खोलीचे तापमान अठरा अंशांखाली जाऊ नये. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.'

"आभारी आहे," बात्माने मोठ्यांदा वाचलं. "गळा कापायच्या आधी मेंढीलाही पाणी पाजतात, वहिनी."

आता तो माणूस रोज सकाळी यायचा. एकेका खोलीत जाऊन आकडा वहीत लिहायचा. कधी काही बोलायचा नाही, कधी चहा घ्यायचा नाही. चहा न घेणाऱ्या माणसाची अनारकुलला भीती वाटू लागली. एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात सतरा आला. त्या आकड्याभोवती त्याने लाल गोल काढला आणि तिला दाखवून तिची सही घेतली.

ती पुन्हा कालिपाकडे गेली. या वेळी कालिपाने बियांना हात लावला नाही.

"आपा, हे कलम तुम्ही मला तेव्हा दाखवलं नव्हतं."

"करार अख्खा तुझ्या हातात होता की."

"मी मुदत पाहिली हो," कालिपा ओशाळून म्हणाली. "चूक माझी. आकेचं देणं त्याच्यावर आलं, तसं आकेला तुम्ही जे कबूल केलं होतं, तेही आता त्याचं झालं. तीन गोल झाले की करारभंग म्हणता येतो. कोर्टात जाऊ, पण तारीख लागता लागता एप्रिल उजाडेल. तोवर विझू देऊ नका. त्याला तुम्हाला काढायचंच असेल, तर तो याचीच वाट बघत असणार."

असणार काय, आहेच, असं अनारकुलला वाटलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली. ती आणि बात्मा आळीपाळीने भट्टीपाशी राहू लागल्या. कोळसा आता तिच्याच पदरचा, आणि गाडी रिकामी करायलाही त्या दोघीच. गाद्यांवर काळी बोटं उमटू नयेत म्हणून ती दिवसातून दहादा हात धुवायची, तरी नखांत काळं राहायचंच. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पाठीचं काय होत असेल ते कुणी विचारू नये.

डिसेंबरात वर गवंडी आले. त्यांनी जुना गिलावा खरवडला, नवा ओला गिलावा लावला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आठ खिडक्या चौकटींसकट काढल्या. नवीन खिडक्या येणार होत्या म्हणे. पण बिश्केकच्या वाटेवरचा डोलोनचा घाट बर्फाने बंद झाला. खिडक्यांच्या जागी आठ भोकं राहिली, आणि प्लास्टिकचे कागद वाऱ्याने फडफडत होते. बाहेर उणे अठ्ठावीस.

एरमेक त्या दिवशी स्वतः आला होता. अनारकुल तशीच फावडं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हिवाळ्यात खिडक्या काढतात का कुणी?"

"गवंडी आत्ताच मिळतात, आपा. उन्हाळ्यात सगळे रशियात कामाला."

"आणि ऊब? भोकांतून जाते ती?"

"घाट उघडला की खिडक्या येतील." तो शांतपणे म्हणाला. "मालकाला डागडुजीचा हक्क आहे, कलम नऊ. माझ्याकडून करारातला एक शब्द मोडला गेला असेल तर सांगा. मी आत्ता दुरुस्त करतो."

तसा तो खरंच मोडला गेला नव्हता. छप्पर गळत होतं ते त्याने पहिल्याच आठवड्यात नीट केलं होतं. दारातला दिवा लावून दिला होता. सातार आकेने पाच वर्षांत जे केलं नव्हतं ते याने तीन महिन्यांत केलं. याचीच तिला जास्त धास्ती वाटली. भांडणाऱ्या माणसाला काय हवंय ते कळतं. याला काय हवंय ते कळत होतं, पण तो ते मागतच नव्हता.

दुसरा लाल गोल पडला त्या सकाळी अनारकुल हॉलमध्ये उभी राहिली आणि भिंतीशी रचलेल्या गाद्यांकडे बघत राहिली. तयार होत्या बावीस. फेब्रुवारीतल्या तीन लग्नांच्या. लोकर घट्ट भरलेल्या, वर लाल आणि जांभळी मखमल.

"नको, वहिनी," बात्मा म्हणाली. अनारकुलच्या डोळ्यांत काय आलं ते तिने बरोबर ओळखलं होतं. "नवरीच्या आधी त्यांच्यावर कुणी बसतसुद्धा नाही. चांगलं नसतं ते."

"मी कुठे बसतेय? टांगतेय."

"तेच ते."

"मग तू सांग दुसरं काय करू."

बात्माने एका गादीचं टोक उचललं. चौघींनी मिळून गाद्या वर नेल्या. एकेका भोकाला आतून एक, बाहेरून एक, मध्ये पोतं. खिळे ठोकताना मखमल फाटायची तो आवाज अनारकुलला दाताखाली खडा आल्यासारखा वाटायचा. संध्याकाळी कोपऱ्यातला पारा एकोणीसवर गेला. सकाळी तो माणूस आला, त्याने आकडा लिहिला, आठ मखमली खिडक्यांकडे एकदा बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. ते हसू होतं की कीव, ते तिला कळलं नाही.

रस्त्यावरून ते सगळं दिसायचं. रिकाम्या इमारतीच्या माथ्यावर लाल, जांभळं, लाल, जांभळं. गावातली पोरं थांबून बघायची. जानेवारीच्या मध्यावर सोनुन आली, मुलीच्या गाद्या कुठवर आल्यात ते विचारायला. सोनुन मोठ्या घरची, तिने स्वतः मखमल निवडली होती. ती आत आलीच नाही. रस्त्यावर उभी राहून वर बघत राहिली, मग अनारकुलला बाहेर बोलावलं.

"ते जांभळं माझं आहे ना?"

अनारकुलने काळी नखं मुठीत लपवली. "मी नवीन शिवून देते, सोनुन. लग्नाच्या आत. लोकरही नवी."

"माझ्या पोरीच्या अंथरुणात तू भुताच्या घरचं वारं भरलंस," सोनुन म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "नवीन शिवशील त्याच हातांनी ना? राहू दे."

आठवड्यात दुसऱ्या दोन लग्नांची माणसं येऊन गेली. मग कुणीच येईना. नवरीची गादी हा धंदा हाताच्या कौशल्यावर कमी आणि हाताच्या गुणावर जास्त चालतो, आणि अनारकुलच्या हाताचा गुण गेला अशी बोलवा झाली. फेब्रुवारीच्या अखेरीस हाताखालच्या दोघी, मान खाली घालून, दुसरं काम बघतो म्हणाल्या. हॉल वाचवण्याच्या नादात हॉलमधलं काम गेलं. भट्टी मात्र विझली नव्हती. तिसरा गोल पडला नव्हता.

मार्चमध्ये घाट उघडला, खिडक्या आल्या आणि त्याच दिवशी बसल्याही. गाद्या खाली आल्या त्या भिजलेल्या, कुबट, भोकं पडलेल्या. त्या रात्री अनारकुल रडली. मग सकाळी तिने तोंड धुतलं आणि बात्माला सांगितलं, "आवर. मी त्याला हॉल देऊन टाकते. पाहिजे होता ना त्याला, घे म्हणावं. आपण घरी रजया शिवू, पोत्यांना ठिगळं लावू, काहीही करू. पण त्या भट्टीसमोर मी पुन्हा वाकणार नाही."

हे बोलल्यावर तिला किती हलकं वाटलं. कितीतरी महिन्यांनी जिना चढताना तिला धाप लागली नाही.

एरमेक दुसऱ्या मजल्यावर होता. खोल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. गिलाव्याला एक तडा नव्हता. भिंतीशी लोखंडी खाटा रचलेल्या, एकावर एक.

"मी जाते," अनारकुल म्हणाली. "करार सोडते. कुठे सही करायची ते सांग."

त्याने खरोखर आश्चर्याने तिच्याकडे बघितलं. "कुठे जाता?"

"कुठेही. तू जिंकलास. तुला मला काढायचं होतं, मी निघाले."

"तुम्हाला काढायचं होतं?" एरमेकने हातातला आराखडा खाली ठेवला. "आपा, असं कोण म्हणालं? मी कधी म्हणालो?"

अनारकुल आठवू लागली. तो कधीच म्हणाला नव्हता. ते कालिपा म्हणाली होती, बात्मा म्हणाली होती, गाव म्हणालं होतं.

"मग थर्मामीटर? खिडक्या?"

"ओला गिलावा थंडीत सुकत नाही, फुटतो. म्हणून आकडे लिहून घेत होतो. तुमच्यामुळे हिवाळ्यात काम उरकलं, नाहीतर एक वर्ष गेलं असतं." तो तिच्याशी थोरल्या बहिणीशी बोलावं तसा बोलत होता. "दगडविटा काय, नारिनमध्ये रिकाम्या इमारती शंभर आहेत. पण सहा महिने रात्रंदिवस भट्टी राखणारं माणूस विकत मिळत नाही. दोन पगार घेतात आणि तिसऱ्या महिन्यात दारू पिऊन पडतात. त्या दिवशी तुम्ही मला तळघर दाखवलंत ना, तोवर माझं ठरलं नव्हतं. तुमचं बोलणं ऐकलं, आकेकडून करार मागून वाचला, आणि दुसऱ्या दिवशी विसार दिला."

अनारकुलने खाटांना धरलं. लोखंड कोमट होतं. ती ऊब तिचीच होती.

"मला सोड," ती म्हणाली. आयुष्यात तिने कुणापुढे एवढ्या खालच्या आवाजात काही मागितलं नव्हतं. "माझं काम बुडालं. हॉलचा मला उपयोग राहिला नाही. पाठ मोडली माझी. दुसरा कुणी बघ."

"मुदतीआधी सोडायचं तर माझी लेखी संमती लागते, कलम सतरा. ती मी देत नाही." त्याने आराखडा पुन्हा उचलला. "अजून दोन हिवाळे. भाडं मी वाढवणार नाही, करारात नाही ते. तुमच्या हॉलला हात लावणार नाही. तुम्ही आणि मी दोघंही लिहिल्याप्रमाणे वागू."

"आणि मी काडीच ओढली नाही तर? कर काय करायचं ते. ने कोर्टात."

एरमेक रागावला नाही. त्याने खाटांवर हात ठेवला, जसा पहिल्या दिवशी रेडिएटरवर ठेवला होता.

"सप्टेंबरात इथे वसतिगृह सुरू होतंय. वरच्या खेड्यांतल्या पोरी, इथल्या शाळेत शिकणाऱ्या. चाळीस जणी. सगळ्यांत धाकटी सात वर्षांची." मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही पेटवाल, आपा. मी तुम्हाला बघितलंय."

ती उतरून खाली आली. हॉलमध्ये बात्माने शिवणयंत्रं पोत्यांत बांधायला घेतली होती. दोन बांधून झाली होती, तिसऱ्याला ती दोरी आवळत होती.

"केली सही?" तिने वर न बघता विचारलं. "कधी निघायचं?"

अनारकुल खाली बसली आणि पहिल्या पोत्याची गाठ सोडू लागली.

"काय करतेस, वहिनी?"

"यंत्रं बाहेर काढ," अनारकुल म्हणाली. "ही पोती कोळशाला लागतील."